बंगळुरात लपलेला गहू

बंगळूरला जाऊन आलेली माणसं तिथल्या बागांबद्दल, थंड हवेबद्दल आणि वाहतुकीच्या कोंडीबद्दल लिहितात. मी गुरुवार ते सोमवार त्या शहरात होते आणि जागेपणीचा बहुतेक वेळ पाकिटांची मागची बाजू वाचत होते. तेव्हा हे वर्णन त्या बाजूचं आहे. ज्यांच्या घरी माझ्या मुलीसारखं कोणी आहे त्यांना याचा उपयोग होईल. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही.

माझी मुलगी केतकी. तिला सीलिअॅक आहे. म्हणजे गहू आणि जव यांच्यातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला इजा करतं. थोडं चालतं, जास्त चालत नाही, असा हा प्रकार नाही. पोळी लाटताना उडालेलं पीठ शेजारच्या भाकरीवर बसलं तरी तिचा पुढचा आठवडा वाया जातो. यावर गोळी नाही, जन्मभर पथ्य आहे. सांगलीला घरी ते जमत होतं. मग तिला मल्लेश्वरमजवळच्या एका संशोधन संस्थेत तिच्या मनासारखी नोकरी लागली, आणि काही महिन्यांत पोरगी अर्धी झाली. रजा संपल्या. नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि साहेब तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघू लागले होते. तपासणीचा कागद आला, तो वाईट होता. ती गहू खात नव्हती. तरी तिच्या पोटात गहू जात होता.

"परत घेऊन ये तिला," असं तिच्या बाबांनी मला निघताना सांगितलं. मी शाळेत पर्यवेक्षिका आहे. चौकशी पूर्ण झाल्याशिवाय शिक्षा सांगायची नाही ही माझी पद्धत. मी केतकीला म्हटलं, "रविवारपर्यंत मी शोधते. तुला बिनधास्त खाता येईल असं वाणसामान मिळालं तर रहा. नाही मिळालं तर राजीनामा दे आणि माझ्याबरोबर चल."

"सरी," ती म्हणाली. तिथे 'बरं'ला असं म्हणतात. ती त्या गावची होऊ लागली होती, हे मला त्या एका शब्दावरून कळलं आणि फारसं आवडलं नाही.

देवनहळ्ळी, गुरुवार

विमानतळावर केतकी घ्यायला आली होती. देवनहळ्ळीला जुना किल्ला आहे, द्राक्षांचे मळे होते, आता मळ्यांच्या जागी प्लॉटांच्या रांगा आणि त्यांच्या कमानी दिसतात. अशाच एका कमानीशेजारी सेंद्रिय वस्तूंचं भलंमोठं दुकान होतं. दारावर पाटी होती, 'इथे ग्लूटेन-फ्री मिळेल'. मी टॅक्सी थांबवली.

आत गारवा आणि मंद संगीत. मधाच्या बाटलीवर शिक्का होता: ग्लूटेन-फ्री. खोबरेल तेलावर होता. सैंधव मिठावर होता. अंघोळीच्या साबणावरही होता. गव्हाशी ज्यांचा जन्मात संबंध आला नाही, ते सगळे छातीवर बिल्ला लावून उभे होते. मी नाचणीच्या बिस्किटांपाशी गेले. डब्यावर नाचणीचं डौलदार कणीस, शेजारी हसणारा शेतकरी, आणि शिक्का मात्र नाही. मागे वाचलं. पहिलाच घटक मैदा. नाचणी साखरेच्याही नंतर, खाली कुठेतरी.

"भाऊ, ही नाचणीची बिस्किटं आहेत ना?" मी हिंदीत विचारलं.

"हां मॅडम, प्युअर रागी."

"मग मैदा?"

"वो तो बाइंडिंग के लिए थोडा लगता है।"

"थोडा म्हणजे? सगळ्यात वर लिहिलाय."

त्याने डबा हातात घेतला, पहिल्यांदाच मागे वाचला, आणि मला धीर दिला, "मॅडम, शुगर कम है इसमें।"

मी मागच्या बाजूंचे फोटो काढू लागले. एक सुरक्षारक्षक जवळ आला. मी दुसऱ्या दुकानाची हेर असावे असा त्याचा समज झाला होता. मी म्हटलं, मुलीसाठी वाचतेय. तो केतकीकडे बघून म्हणाला, "इनको तो पढना आता होगा, मॅडम।" केतकी एवढी हसली की तिला बाटल्यांच्या मांडणीला धरावं लागलं. बऱ्याच दिवसांनी हसली असावी. आम्ही मध घेतला. त्याची खात्री होती.

मल्लेश्वरम, शुक्रवार

मल्लेश्वरम मला आवडलं. रस्त्यांना नंबर आहेत, झाडं मोठी आहेत, सकाळी फुलवाल्या हाताच्या मापाने मोगरा मोजून देतात आणि माप घेताना हात किंचित आखडता घेतात, हे आमच्याकडच्यासारखंच. केतकी कामावर गेली आणि मी पिशवी घेऊन बाजारात उतरले.

त्या दिवशी मला कळलेली पहिली गोष्ट: भात खाणाऱ्या गावात कुणालाच वाटत नाही की आपण गहू खातो. जिथे विचाराल तिथे उत्तर एकच. कोपऱ्यावरच्या जुन्या किराणा दुकानातल्या मालकांना सगळे अण्णा म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं.

"अण्णा, मुलीला आजार आहे, डॉक्टरांनी गहू बंद केलाय. या सांबार मसाल्यात गहू आहे का? गोधी?"

"इल्ला अम्मा. सांबारमध्ये कुणी गोधी घालतं?"

"आणि या शेवयांत?"

"रागीच्या आहेत."

"नुसत्या रागीच्या?"

"स्वल्प इरुत्ते," ते म्हणाले. थोडं असतं. "परवागिल्ला."

परवागिल्ला म्हणजे काही हरकत नाही. हा शब्द मी त्या गावात इतक्यांदा ऐकला की त्याची मला भीती बसली. हरकत कुणाला नाही, हे कोणी सांगत नाही.

मग मी हिंगाची डबी उचलली. तिची छपाई इतकी बारीक की फोनच्या कॅमेऱ्यातून मोठी करून पाहावी लागली. हिंग होता, डिंक होता, आणि त्यांच्या जोडीला गव्हाचं पीठ होतं. दुसरी कंपनी घेतली. मैदा. तिसरी घेतली. पुन्हा गव्हाचं पीठ. एका डबीत तांदळाचं पीठ निघालं, पण अण्णा म्हणाले तो माल आता येत नाही.

मी तिथेच तांदळाच्या पोत्यावर टेकले. हिंग सांबार मसाल्यात जातो, साराच्या पुडीत जातो, लोणच्यात, पापडात, चिवड्यात आणि दहीभाताच्या फोडणीत जातो. केतकी गेले कित्येक महिने खानावळीत इमाने इतबारे नुसता सार-भात खात होती. आपण पथ्य पाळतोय या समाधानात रोज चिमूटचिमूट गहू गिळत होती. आणि सांगलीला आमच्याकडे? आमचे शेजारी खडा हिंग आणतात, आम्हीही त्यांच्याकडूनच घेतो, म्हणून तिथे ती बरी होती. हे मी योजून केलेलं नव्हतं.

चोर सापडल्यावर खात्री करून घ्यावी म्हणून मी एका मसाला कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"तुमच्या साराच्या पुडीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं का?"

"मॅडम, आमची सर्व उत्पादनं शंभर टक्के शाकाहारी आहेत."

"गहू शाकाहारीच असतो."

"बरोबर मॅडम. आणखी काही मदत करू?"

संध्याकाळी केतकीने मला तिच्या भागातल्या मराठी बायकांच्या फोनवरच्या गटात घातलं. मी प्रश्न टाकला. उत्तरं धो धो आली. एकीने सकाळी कोमट पाणी सुचवलं. एकीने लिहिलं की तिच्या भावजयीलाही असंच होतं, तिने मैदा बंद केला, नुसत्या चपात्या खाऊ लागली, आता ठणठणीत आहे. तिसरीने आमच्याच भागाचं नाव घेतलं: सांगलीकडचा खपली गहू चालतो, तो खरा गहू नसतोच. मी त्या गव्हाच्या शेतांमधून शाळेत जाते. तो गहूच असतो. चौथीने 'सुरक्षित वस्तूंची यादी' पाठवली, पाचवीने 'असुरक्षित वस्तूंची यादी' पाठवली, आणि एकच पापड दोन्ही याद्यांत होता.

केतकी पलंगावर पोटाशी उशी धरून पडली होती. दुपारी तिने कार्यालयात कुणाच्या वाढदिवसाच्या तांदळाच्या चकल्या खाल्ल्या होत्या. हिंग घातलेल्या.

"आई, रविवारच्या आत काही सापडणार नाही ना?"

"उद्या शनिवार आहे," मी म्हटलं.

मल्लेश्वरम, शनिवार

सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या उभ्याने खायच्या उपाहारगृहात गेलो. तिथली कॉफी पितळेच्या वाटीत येते आणि तिच्यासाठी बंगळूरला जायला हरकत नाही. केतकीने साध्या डोशाची चौकशी केली: रवा घालता का, तव्यावर रवाडोसाही करता का, मला डॉक्टरांनी मनाई केली आहे. गल्ल्यावरचा माणूस हसून म्हणाला, "परवागिल्ला, एक दिन से कुछ नहीं होता।"

आमच्या मागे काळी लुंगी नेसलेला, गळ्यात माळ घातलेला एक गृहस्थ उभा होता. त्याने फक्त एवढंच सांगितलं की व्रत आहे, कांदा-लसूण नको. तोच गल्लेवाला ताठ झाला. त्याने आत हाक दिली. आचाऱ्याने तवा घासला, पुसला, पाणी शिंपडलं, दुसरी पळी काढली, दुसऱ्या भांड्यातली चटणी आणली. गृहस्थ शांतपणे खाऊन गेला. आत चुकून कांदा पडला असता तर त्याच्या पोटाला काहीही झालं नसतं.

मी कॉफी संपवली. सांगलीची आमची गिरणी माझ्या डोळ्यांसमोर आली. मुलीच्या आजारासाठी जातं साफ करून दे म्हटलं तर आमचा गिरणीवाला डोळे फिरवतो. पण उपवासाची भाजणी म्हटली की स्वतः झाडू घेतो.

मी केतकीचा हात धरला आणि थेट अण्णांच्या दुकानात गेले.

"अण्णा, हिचा नवस आहे. हरके. देवीला गहू सोडलाय. कणभरही पोटात जाता कामा नये."

अण्णांनी चष्मा काढला. केतकीकडे बघितलं. मग काट्याचं पारडं धुतलं, पुसलं, मुलाला नवं पोतं फोडायला सांगितलं आणि बेसनाच्या डब्यावर हात ठेवला. "हे बेडा अम्मा, नको. या गिरणीत गहू दळतात." साराची पुडी परत घेतली. "यात हिंग आहे, हिंगात गोधी असते." शेवयांकडे तर त्यांनी बोटही केलं नाही. मागच्या खोलीतून कागदात बांधलेला खडा हिंग आणला. नाचणी कुठून दळून आणायची तो पत्ता सांगितला. कालपासून मी ज्यासाठी पायपीट करत होते ती सगळी माहिती त्यांच्यापाशी होतीच. आजारासाठी ती बाहेर काढावी असं त्यांना वाटलं नव्हतं, एवढंच.

दुकानाबाहेर आल्यावर केतकी थांबली.

"तू खोटं बोललीस."

"सामान खरं मिळालं."

"देवीच्या नावाने, आई!"

"डॉक्टरांच्या नावाने काल काय मिळालं?"

"मला आजार आहे. लोकांना तो आजार म्हणून कळायला हवा. मी काय जन्मभर नवस सांगत फिरू? साहेबांना काय सांगू, देवीने रजा घ्यायला सांगितली?"

तिचं बरोबर होतं. माझी पिशवी भरलेली होती. त्या रात्रीच्या जेवणात खडा हिंगाची फोडणी होती आणि ती दोनदा भात घेऊन जेवली, पण मला त्याबद्दल काही म्हणू दिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला न सांगता केली. दुसऱ्या दिवशी आम्हाला बनशंकरीला इंदूअक्कांकडे जेवायला जायचं होतं. मी त्यांना फोन केला आणि नवसाचं सांगून टाकलं.

बनशंकरी, रविवार

इंदूअक्का म्हणजे माझ्या यजमानांची आतेबहीण, केतकीची आत्या. निपाणीकडच्या. लग्न होऊन बंगळूरला आल्या, आतोबा सरकारी कारखान्यात अभियंता होते, आता निवृत्त आहेत. अक्कांच्या मराठीत निम्मं कन्नड आहे आणि त्यांच्या आग्रहाला कुठल्याच भाषेत तोड नाही. त्यांच्या पंक्तीतून मी आजवर कुणालाही 'नको' म्हणून उठलेलं पाहिलेलं नाही. मी स्वतः पाहुणी असताना तिथे ताट रिकामं ठेवायची हिंमत केलेली नाही.

"बा गं बा, आत ये. केवढी वाळलीस!" त्यांनी केतकीचे गाल धरले. "पण श्रद्धा बघ पोरीची. या वयात, या दिवसांत! वैनी, तुझं पुण्य हो."

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी चपला काढण्यात गुंतले.

घरात युद्धाची तयारी होती. गव्हाच्या पिठाचा डबा शेजारी ठेवायला दिला होता. माझा फोन येण्याआधीच करून ठेवलेल्या होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, त्याही झाकून शेजारीच पाठवल्या होत्या. पळ्या चिंचेने घासल्या होत्या. ओटा धुतला होता. आतोबांना चपातीऐवजी भात मिळाला होता आणि ते गप्प बसून तो खात होते. हिंगाची डबी घराबाहेर गेली होती; अक्कांनी अख्खी मोहरी आणि लसणाची फोडणी देऊन सार केलं होतं.

"देवीचं आहे बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून मोडायला नको."

केतकी जेवली. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, सार, भात, पुन्हा सार. घास तोंडाजवळ नेताना थांबून विचार करायची तिला सवय लागली होती. त्या पानावर ती थांबत नव्हती. मी बघत होते.

"उद्यापन कधी आहे गं?" अक्कांनी विचारलं.

"उद्यापन नाही," मी घाईने म्हटलं. "जन्मभराचं आहे."

अक्कांनी हातातली पळी खाली ठेवली आणि वयाने केवढ्या लहान असलेल्या त्या मुलीला हात जोडले.

ते केतकीला सहन झालं नाही. "आत्या, असं करू नका. नवसबिवस काही नाही. आई खोटं बोलली. मला आजार आहे." आणि तिने सगळं नीट सांगितलं, आतडं, ग्लूटेन, तपासणी, रजा, सगळं. मराठीत सांगितलं, जिथे अडली तिथे कन्नडमध्ये सांगितलं. आतोबा जेवायचे थांबले. मी पानातल्या मिठाकडे बघत राहिले.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"आजार होय! अगं मग एवढं घाबरवलंत कशाला? मला वाटलं देवीचं काही." त्या उठल्या, शेजारी गेल्या आणि झाकलेलं ताट घेऊन परत आल्या. "गरम करते. अर्धी खा."

"आत्या, मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं की. म्हणून तर अर्धी म्हणतेय."

"अर्धी पण नाही."

"पाव. तूप घालते वर, तूप घातल्यावर बाधत नाही."

"बाधतं."

"स्वल्प गं. आत्याने केलंय. एवढ्या लांबून आलीस."

"खा की," आतोबा म्हणाले. त्यांना बहुधा मग आपल्याही ताटात पोळी पडेल अशी आशा होती.

पोळी केतकीच्या पानावर अधांतरी होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, माझ्या जिभेवर 'घे एक तुकडा, त्यांना वाईट वाटेल' हे वाक्य तयार होतं. मी ते गिळलं, पण ते तयार होतं. पाकिटांशी भांडणं सोपं असतं. पाकिटाला वाईट वाटत नाही.

केतकीने पानावर हात आडवा धरला.

"आत्या, आजारही आहे आणि नवसही आहे."

अक्कांचा हात थांबला. "पुन्हा खोटं?"

"नाही. आत्ता बोलतेय. तुमच्यासमोर, तुमच्या देवीला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ही नोकरी टिकू दे. मी इथेच राहीन. गव्हाला शिवणार नाही."

पोळी मागे गेली. अक्कांनी हात धुतले, डोळ्यांना लावले आणि देवघराकडे वळून काहीतरी पुटपुटल्या. मग त्या हुकूम सोडू लागल्या. दर रविवारी इथेच जेवायचं. साराची पुडी इथून न्यायची, वेगळ्या गिरणीतली. त्या खानावळवाल्याला फोन लाव, त्याला मी सांगते.

"पण त्याला आजार आहे म्हणून सांगा," केतकी म्हणाली.

"सांगते की. आधी नवस सांगते, मग आजार सांगते."

केतकीने थोडा विचार केला. "सरी," ती म्हणाली.

"वैनी, तुझं काय?" अक्का माझ्याकडे वळल्या. "तुला नवस नाही, आजार नाही." आणि ती तूप लावलेली होळिगे माझ्या पानात पडली. ती संपायच्या आत दुसरी पडली. मी दोन्ही खाल्ल्या, कारण नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं, आणि सोमवारी सकाळी एकटीच विमानतळाकडे निघाले.